अल्बेनियाच्या बाजूने उगवलेला चंद्र

नेवार्कच्या विमानतळावर आई माझ्यापुढे रांगेत उभी होती. अंगात सुती सहावारी, पायात माझे धावायचे जुने बूट, पाठीवर जांभळी सॅक आणि सॅकच्या पट्ट्याला बांधलेलं स्टीलचं पातेलं. ती वळली की पातेलं टण्णकन वाजायचं आणि मागचा माणूस दचकायचा.

"आई, पातेलं कशाला?"

"आसू दे. कुटं काय लागंल सांगता येत न्हाई."

"युरोपात पातेली मिळतात गं."

"मिळत आसतील. आपलं ते आपलं."

पाठीवर सॅक टाकून आगगाडीने आणि बोटीने युरोप फिरायचा, हे मी पुण्याला इंजिनिअरिंगला होते तेव्हापासून मनात धरलं होतं. बार्शीतल्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगते. आप्पांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि आईचं शिलाई मशीन या दोन्हींवर ती पदवी उभी आहे, मग सांगायला लाजायचं कशाला? आता जर्सी सिटीत राहते, सॉफ्टवेअरची नोकरी करते. आई सहा महिन्यांसाठी आली होती. ती निघायच्या आधीच फोनवर फिरायला जायचा बेत सांगितला तेव्हा वाटलं, ही म्हणेल, तू जा, मी घर सांभाळते. ती म्हणाली, "मी पन येते की." मग तिचा युरोपचा व्हिसा भावाने मुंबईहूनच काढून दिला.

बेत साधा होता. रोमला उतरायचं, आगगाडीने नेपल्स आणि मग बारी नावाचं बंदर गाठायचं. तिथून बोटीने समुद्र ओलांडून अल्बेनिया, पुढे माँटेनेग्रो, आणि डोंगरातून जाणाऱ्या आगगाडीने बेलग्रेड. तिथून घरी.

काळजी एकच होती, आईची संकष्टी. मला कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून तिने ही चतुर्थी धरली. दिवसभर फक्त पाणी आणि चहा, चंद्र दिसला की जेवण. प्रवेश मिळाला, तर म्हणाली डिग्री होऊ दे, मग उद्यापन करून सोडते. डिग्री झाली, तर नोकरी लागू दे. नोकरी लागली, तर अमेरिकेत नीट बस्तान बसू दे. देवाशी केलेला करार आई दर वेळी रिन्यू करत आली. आता तिच्या डोक्यात माझं ग्रीन कार्ड आहे. आमच्या लोकांची त्यासाठीची रांग इतकी लांब आहे, की या हिशेबाने आईने जन्मभर उपाशी राहायला हवं. पण आता तिला साखरेचा आजार आहे. गेल्या संकष्टीला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ती भिंतीला टेकून खाली बसली होती, पांढरीफटक. डॉक्टरांनी बजावलं, गोळ्या चालू असताना दिवसभर रिकाम्या पोटी राहायचं नाही. आईने मान डोलावली. आईचं मान डोलावणं म्हणजे काय, ते तिच्या लेकीलाच कळतं.

म्हणून मी सगळा प्रवास संकष्टी बघून आखला. ओक ट्री रोडवरच्या भारतीय किराणा दुकानातून आणलेलं कॅलेंडर आमच्या फ्रिजवर असतं, त्यात चतुर्थी गुरुवारी होती. गुरुवारी बारीत मुक्काम, खोलीत स्वयंपाकाची सोय, समोर समुद्र. चंद्र लवकर दिसेल, ती लवकर जेवेल. बोट शुक्रवारची. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

रोम आम्हाला दिसलं ते झोपेच्या पडद्याआडून. देहाने आम्ही तिथे होतो, पण झोप अजून अटलांटिकवरच होती. उन्हात भाजलेल्या विटांच्या भिंती, त्यांच्यावर छत्रीसारखी पसरलेली उंच पाइनची झाडं, चौकाचौकात वाहणारे नळ. आई प्रत्येक नळाला थांबून ओंजळीने पाणी प्यायची. "येवढं पाणी वाया चाललंय गं," म्हणायची आणि पुन्हा प्यायची. बार्शीत नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्या बाईला हे स्वप्नच वाटणार.

नेपल्सला पोहोचलो त्या दिवशी कोजागिरी होती. हॉस्टेलचं स्वयंपाकघर गच्चीला लागून, आणि गच्चीवरून ज्वालामुखी दिसतो, दोन खांद्यांचा निळा डोंगर. आईने पातेलं सोडलं, खालच्या दुकानातून दूध आणवलं, सॅकमधून वेलदोडे आणि केशराची डबी काढली. दूध आटायला लागलं तसा वास सगळ्या मजल्यावर फिरला. हान्ना नावाची एक पोलंडची मुलगी केस पुसत आली.

"काय शिजतंय?"

"चंद्रासाठी दूध," मी सांगितलं.

तिने एकदा माझ्याकडे, एकदा पातेल्याकडे पाहिलं. "चंद्र किती जणांसाठी उरवून ठेवतो?"

मी ते आईला सांगितलं. आई हसली आणि तिच्या हातात कप दिला. "तिला म्हणावं, चंद्र नुस्ता बघतो. प्यायचं आपण."

डोंगराच्या खांद्यावरून चंद्र वर आला. पातेल्यातल्या दुधात तो थरथरत होता, आणि खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. आई म्हणाली, "आप्पांनी आज गच्चीवर दूध केलं आसंल का गं?" मग स्वतःच म्हणाली, "केलं आसंल. साखर जास्त घातली आसंल."

नेपल्सहून बारीला जाताना गाडी इटलीच्या या कुशीवरून त्या कुशीवर जाते. मध्ये डोंगर, डोंगरावर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या, मग सपाट रान आणि रुपेरी पानांची ऑलिव्हची झाडं, मैलोन् मैल. आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं झोपली. तर डोळे मिटूनच म्हणाली, "ही झाडं म्हाताऱ्या बायांवानी हायेत. वाकलीत, पन जागा सोडत न्हाईत."

बारीच्या जुन्या गावात एक गल्ली आहे, जिथे बायका घरासमोर टेबलं मांडून पास्ता वळत बसतात. ओरेक्येत्ते (अंगठ्याने दाबून केलेली कानाच्या पाळीएवढी वाटी) लाकडी चौकटीवर वाळत पडलेले असतात. गुरुवारी सकाळी, उपवासाच्या दिवशी, आई तिथे थबकली ती थबकलीच.

"अगं, ह्या तर आपल्या मालत्या!"

मालत्या, गव्हले, नखुल्या. लग्नाआधी घरोघरी वळतात ते खिरीसाठीचे कणकेचे प्रकार. टेबलामागच्या आजीबाईंनी भुवया उंचावल्या. आईने विचारलं नाही, समोरच्या पिठाचा कण उचलला आणि दोन बोटांत फिरवून गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला पाडला. आजीबाईंनी तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला, "मा ग्वार्दा!" (अगं बाई, बघ तर!) असं ओरडून शेजारणीला दाखवला. मग स्टूल आलं. अर्धा दिवस आई तिथे बसली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी सुनांबद्दल बोलणं झालं असावं असा मला दाट संशय आहे.

त्या संध्याकाळी समुद्रावर चंद्र दिसला, आई वरणभात जेवली, आणि मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली.

शुक्रवारी सकाळी आईने घरी व्हिडिओ कॉल लावला. आप्पा दुकानात होते, मागे उलटी टांगलेली सायकल.

"जेवलात का?" आईने विचारलं.

"घरी कोण वाढंल? सूनबाईचा उपास हाय, चतुर्थीचा."

"चतुर्थी काल झाली."

"काल कशी? आज हाय. देवळात ही गर्दी."

आईने फोन खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरचा फोटो दाखवला, ते अमेरिकेच्या वेळेने छापलेलं. तिथी कधी लागते, कधी संपते, अमेरिकेत रात्र असते तेव्हा भारतात दिवस असतो, म्हणून तिकडचा वार वेगळा आणि इकडचा वेगळा, असं सगळं इंजिनिअरच्या थाटात समजावलं.

"म्हंजे कालची अमेरिकेची?"

"हो."

"आन् मी काल अमेरिकेत हुते का?"

इटलीची चतुर्थी कुठल्या वारी, ते कुठल्याच किराणा दुकानाच्या कॅलेंडरात नाही.

"मग आज धरते," आई म्हणाली आणि चहाचा कप पुढे ओढला. "आपली तिथी ती आपली."

"आई, सलग दोन दिवस? लिफ्टमधलं विसरलीस?"

"गोळी घेत न्हाई आज. झालं?"

गोळी न घेणं हा तिच्या मते उपाय होता. मी ओरडले, हात जोडले, डॉक्टरांचं नाव घेतलं. ती सॅकला पातेलं बांधत राहिली.

बंदरावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आमचे व्हिसे उलटून पाहिले. "एकदाच यायचा व्हिसा आहे. इथून बाहेर पडलात की परत इटलीत येता येणार नाही, माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. आईने विचारलं काय म्हणतोय. सांगितलं, तर म्हणाली, "बरंच की. मागं बघत बसायला नको."

दुपारची बोट रोज नसते, आम्हाला मिळाली हे नशीब. पोटात ट्रक आणि मोटारी, वर डेकवर घरी निघालेली अल्बेनियन कुटुंबं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कॉफीचा वास. बारी हळूहळू पांढरी रेघ झाली, मग तीही पुसली गेली. आड्रियाटिक म्हणजे इटली आणि अल्बेनियाच्या मधला समुद्र, त्या दिवशी तो शाईसारखा होता. बोट पुढे जातेय असं वाटतच नव्हतं. वाटायचं, आपण एका जागी आहोत आणि पाणी खालून काढून घेतंय कुणीतरी, हळूच, झोपलेल्या माणसाखालची चादर ओढावी तसं.

संध्याकाळ झाली तसे पूर्वेकडे ढग जमले. आईच्या ओठांवर पांढरी साय आली होती. खुर्चीच्या हातावर ठेवलेली तिची बोटं बारीक थरथरत होती. मी बिस्किटाचा पुडा फोडून मांडीवर ठेवला.

"आई, एक."

"चंद्र दिसू दे."

"कधी दिसणार? फोनला रेंज नाही, कॅलेंडर अमेरिकेची वेळ सांगतंय. आपण पाण्यावर आहोत, पाण्याला काय वेळ असते?"

"दिसंल की. कुटं जातोय त्यो?"

शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसली होती, आईच्याच वयाची, काळा स्वेटर, मांडीवर कापडात बांधलेला डबा. ती मघापासून आमच्याकडे बघत होती. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुझी आई आजारी?"

"आजारी नाही, हट्टी," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. तिचं नाव द्रिता. बारीत एका म्हाताऱ्या जोडप्याची देखभाल करते, वर्षातून एकदा घरी जाते. ऐकता ऐकता ती हसायला लागली.

"मी पण!" ती म्हणाली. "माझी मुलगी तिरानाला, आमच्या राजधानीत शिकली. आमच्यातलं कुणी शिकलं नव्हतं. मी दर शुक्रवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावायची. आम्ही मुसलमान, पण बारीत जे जवळ होतं ते चर्च."

मी आईला मराठीत सांगितलं. आई सावरून बसली. "मग? अजून लावतीस?"

"नाही. मुलगी नर्स झाली, जर्मनीला गेली. एकदा फोनवर म्हणाली, ममा, माझं सगळं चांगलं चाललंय, आता माझ्यासाठी मागू नकोस. मग मी थांबले."

हे मी आईला सांगितलं, तेव्हा ती द्रिताकडे नाही, माझ्याकडे बघायला लागली.

"हिची लेक म्हणाली तसं तू कदी म्हणलीस?"

"काय?"

"दर रविवारी फोनवर काय आसतं तुजं? भाडं वाढलं. बॉस कटकट करतो. अमक्याला कामावरनं काढलं, तमक्याचा व्हिसा अडकला. मी काय समजायचं? पोरगी सुखात हाय?"

"अगं, ती रड नाही आई, त्या गप्पा असतात! जर्सी सिटीत सगळे तेच बोलतात. लिफ्टमध्ये भेटलं तरी, काय यार, कार्डाचं काय झालं, हेच."

"मला काय ठावं? मी आपली चतुर्थी धरती."

बोट एका लाटेवर चढली आणि उतरली. आईने डोळे मिटले, खुर्चीचा हात घट्ट धरला. मी तिच्यासमोर डेकवर खाली बसले आणि तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले.

"आई, ऐक. माझं चांगलं चाललंय. कार्ड येईल तेव्हा येईल, नाही आलं तर बार्शीला येईन, नाहीतर आणि कुठे जाईन. मला काम येतं. तू आणि आप्पांनी शिकवलंय मला. मला भीती वाटत नाही."

"बोट हलतीया, म्हणून बोलतीस."

"बोट हलतेय. मी हलत नाहीये."

द्रिताला मराठी कळत नव्हतं, तरी तिने तोंड दुसरीकडे वळवलं. आणि वळवलं म्हणूनच तिला आधी दिसलं. "हेना!" ती ओरडली, आणि आकाशाकडे बोट दाखवलं. हेना म्हणजे त्यांच्या भाषेत चंद्र.

समोर, जिकडे आम्ही चाललो होतो तिकडे, ढगाखाली एक फट होती. त्या फटीत अल्बेनियाचे डोंगर काळ्या कागदाचे कापल्यासारखे, आणि त्यांच्यावर तांबडा, एका बाजूने झिजलेला चंद्र. मोठा. इतका मोठा, की तो डोंगरामागून नाही, डोंगरातूनच निघतोय असं वाटलं. पाण्यावर त्याचा तांबूस रस्ता थेट आमच्या बोटीपर्यंत आला. मुलं कठड्याला लोंबकळायची थांबली. क्षणभर इंजिनचा आवाजसुद्धा लांब गेला.

आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिने कठड्यावरून समुद्रात सोडलं. समुद्राला अर्घ्य, चंद्राच्या नावाने. मग पदराच्या गाठीतून गूळखोबरं काढलं, आधी द्रिताच्या हातावर ठेवलं, मग माझ्या, मग स्वतः खाल्लं. द्रिताने कापड सोडून डबा पुढे केला. बुरेक (पातळ पापुद्र्यांत पालक आणि चीज भरून भाजलेला तुकडा) अजून कोमट होता.

"ह्यात अंडं हाय का इचार."

मी विचारलं. द्रिता म्हणाली, पापुद्र्यावर लावलंय थोडं. आईने बुरेककडे पाहिलं, चंद्राकडे पाहिलं. मग वरचा पापुद्रा अलगद सोलून माझ्या हातावर ठेवला आणि आतलं खाल्लं. "पालक झकास हाय," म्हणाली. तिच्या बोटांची थरथर थांबायला थोडा वेळ लागला. तोवर मी तिचा हात सोडला नाही.

अल्बेनियाच्या दुर्रेस बंदरात द्रिताने आईला तीनदा गालाला गाल लावून निरोप दिला. आईला ते जमेना, प्रत्येक वेळी चुकीचा गाल पुढे केला.

त्यानंतरचा प्रवास मला सलग आठवत नाही, तुकड्यांनी आठवतो. बसच्या खिडकीतून दिसलेलं धुक्यातलं तळं. माँटेनेग्रोतल्या बार नावाच्या गावात डाळिंबांनी वाकलेल्या कुंपणावरून एका म्हाताऱ्याने तोडून दिलेलं फळ. आणि ती बेलग्रेडची गाडी. ती समुद्राच्या काठावरून निघते आणि चढतच जाते, बोगद्यात शिरते, बाहेर येते तर दरी आणखी खोल, खालची घरं आगपेट्यांएवढी. दर बोगद्यात काचेत आमचे दोघींचे चेहरे दिसायचे, बाहेर आलं की त्यांच्या जागी डोंगर. आईने डाळिंब सोललं, दाणे पातेल्यात काढले, समोरच्या सर्बियन माणसापुढे धरले. त्याने मूठभर घेतले आणि बदल्यात स्वतःचा अर्धा पाव दिला. संकष्टीचं नाव ना तिने काढलं, ना मी. पण बोटीवरच्या त्या दिवसानंतर आई सकाळची गोळी मी न सांगता घेत होती.

जर्सी सिटीत परत आलो तेव्हा पानं लाल झाली होती. मी कामाला लागले, आईने पातेलं घासून जागेवर ठेवलं. महिना सरला. एका सकाळी उठले, तर फोडणीचा वास. आई खिडकीशी बसून पोह्यांची बशी घेऊन खात होती.

मी फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आई, आज चतुर्थी आहे."

"म्हाईत हाय."

"इथली की तिथली?"

"दोन्हीकडची. आप्पांना इचारलं." तिने लिंबू पिळलं. "उद्यापन झालं की बोटीवर. पाणी सोडलं, गूळखोबरं वाटलं, परक्या बाईला खाऊ घातलं. तिनं उलट मलाच जेवू घातलं. आता काय राहिलं?" आणि बशी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "खा. गार हुतील."

मी खाल्ले. तिखट जरा जास्त होतं, की दुसरं काही होतं, डोळ्यांत पाणी आलं.

त्या संध्याकाळी ऑफिसमधून आले, तेव्हा नदीपलीकडे मॅनहॅटनच्या इमारतींच्या फटीतून चंद्र वर येत होता. मी आईला हाक मारली. ती हात पुसत बाल्कनीत आली, पोट भरलेली, निवांत. हात जोडले, जरा वेळ बघत राहिली.

"चांगला हाय," म्हणाली. "पन तिकडचा मोठा हुता."